यूनानी खानावळीत एक रात्र

(परक्या शहरात, रात्री उशिरा, खिशात थोडे पैसे असताना पोटभर आणि निर्धास्त जेवायचे कसे? या पाठात आपण यूनानची राजधानी अथेन्स येथील एका साध्या खानावळीत जाणार आहोत. जाता जाता शब्दांची ओळखही करून घेणार आहोत.)



आपल्या कोकणातील कितीतरी घरांतील माणसे जहाजावर नोकरी करतात. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा, कोणाचे मामू, कोणाचे मोठे भाऊ आज कुठल्या तरी समुद्रावर असतील. उद्या तुमच्यापैकीही काही जण जातील. म्हणून आज आपण एक कल्पना करू.

समजा, तुम्ही मोठे झाला आहात. तुमचे जहाज पिरेयस बंदराला लागले आहे. पिरेयस हे अथेन्स शहराचे बंदर. तुम्हाला रात्रीपुरती सुट्टी मिळाली आहे. बंदरातून शहरात जाणारी आगगाडी तुम्ही पकडली आणि मोनास्तिराकी नावाच्या स्थानकावर उतरलात. रात्रीचे दहा वाजले आहेत. आपल्या गावात या वेळी दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात. इथे मात्र लोक आता कुठे जेवायला बाहेर पडत आहेत. यूनानमध्ये रात्री नऊ-दहाला जेवणे ही नेहमीचीच गोष्ट आहे.

चौकात उभे राहून वर पाहा. डोंगरावर अॅक्रॉपोलिसचे प्राचीन अवशेष दिव्यांच्या प्रकाशात उजळले आहेत. आता समोर पाहा. एक घुमटाची इमारत दिसते. ही त्सिस्तराकिस मशीद. ती १७५९ साली, तुर्कांच्या राजवटीत बांधली गेली. आज तिथे नमाज होत नाही, ती संग्रहालयाची इमारत आहे. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे शहर उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. थोड्या वेळाने जेवणाच्या पातेल्यात ती पुन्हा भेटणार आहे.

तुमच्या खिशात दहा युरो आहेत आणि पोटात भूक आहे. चला, जेवण शोधू.

चौकाच्या आजूबाजूला भाजलेल्या मांसाचा वास दरवळतो आहे. उभ्या सळईवर मांसाचे थर फिरत आहेत. माणूस लांब सुरीने त्याचे काप काढतो आणि गरम पोळीत गुंडाळून देतो. या पदार्थाचे नाव गिरोस. ‘गिरोस’ म्हणजे गोल फेरा. पदार्थ स्वस्त आहे, पण थांबा. यूनानमध्ये गिरोस बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचा असतो. कोंबडीचाही मिळतो, पण ती कोंबडी हलाल असेलच असे नाही. ओमोनिया चौकाच्या आसपास पाकिस्तानी, बांगलादेशी आणि अरब लोकांची दुकाने आहेत. तिथे हलालची पाटी दिसते. पण आज आपल्याला यूनानी घरगुती जेवण जेवायचे आहे. तेही चालेल, फक्त विचारता आले पाहिजे.

हे ‘विचारणे’ म्हणजे काय, ते सांगण्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो.

मी बी.एड. करण्यासाठी प्रथमच घरापासून दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका शहरात गेलो. माझे सगळे शिक्षण उर्दूतून झाले होते. मराठीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो, पण बोलायची सवय नव्हती. एस.टी. उशिरा पोहोचली. रात्रीचे साडेदहा वाजले होते. सकाळपासून पोटात काही नव्हते. स्थानकाबाहेर एक खानावळ उघडी होती. फळ्यावर खडूने लिहिले होते : पाटवडी रस्सा, डुबुकवड्या, डाळकांदा. अक्षरे वाचता आली, अर्थ मात्र कळला नाही. वडी कसली? रस्सा कशाचा? मांसाचा असेल तर कोणत्या? मालकांनी प्रेमाने विचारले, “काय देऊ, दादा?” मी विचारू शकत होतो. पण माझे मराठी चुकेल, लोक हसतील, असे मला वाटले. मी म्हणालो, “काही नको. फक्त चहा द्या.” चहा प्यालो आणि उपाशी झोपलो.

दुसऱ्या दिवशी वर्गातील एका मित्राला हे सांगितले. तो कपाळावर हात मारून म्हणाला, “अरे, पाटवडी म्हणजे बेसनाची वडी! डुबुकवड्यासुद्धा बेसनाच्याच. आणि ती खानावळ तर शाकाहारी आहे. फळ्यावर सगळ्यात वर लिहिलेले असते.” खरोखरच लिहिलेले होते. पण घाबरलेल्या माणसाला फळ्यावरची वरची ओळ दिसत नाही. त्या रात्री खानावळीत अन्न होते, खिशात पैसे होते. कमी होती ती फक्त एका वाक्याची : “यात मांस आहे का?”

तेव्हा मित्रांनो, अथेन्सच्या खानावळीत शिरण्यापूर्वी हे एक वाक्य यूनानी भाषेत शिकून घ्या : “एखी क्रेआस?” म्हणजे “यात मांस आहे का?” डुकराच्या मांसाला तिथे ‘खिरिनो’ म्हणतात. ‘पोसो कानी?’ म्हणजे ‘किती पैसे?’ ‘पाराकालो’ म्हणजे ‘कृपया’ आणि ‘एफखारिस्तो’ म्हणजे ‘शुक्रिया’.

आता मोनास्तिराकीहून अथिनास रस्त्याने उत्तरेकडे चाला. हा रस्ता मोनास्तिराकी आणि ओमोनिया या दोन चौकांना जोडतो. मध्ये वर्वाकिओस नावाचा जुना बाजार लागतो. इओआनिस वर्वाकिस या दानशूर व्यापाऱ्याचे नाव त्याला मिळाले आहे. रस्त्याच्या एका बाजूला मांस-मासळीचा छप्पर असलेला मोठा बाजार आहे, तर समोरच्या बाजूला फळे आणि भाजीपाला मिळतो. शहर झोपते तेव्हा अशा बाजारांचे काम सुरू होते. पहाटेच्या विक्रीसाठी माल उतरवावा लागतो. हमाल, खाटीक, मालगाड्यांचे चालक रात्री जागतात. त्यांना भूक लागते ती आपल्या जेवणाच्या वेळी नव्हे, तर मध्यरात्रीनंतर. त्यांना गरम, पोटभर आणि स्वस्त अन्न हवे असते. म्हणून यूनानमधील जुन्या बाजारांजवळ रात्री उशिरापर्यंत, कधी कधी पहाटेपर्यंत चालणाऱ्या खानावळी निघाल्या.

या खानावळींचा खास पदार्थ म्हणजे ‘पात्सास’. जनावराची वजडी आणि पाय स्वच्छ धुऊन, मंद आचेवर कित्येक तास शिजवून केलेले हे सूप असते. उर्दूत आपण जिला ओझडी म्हणतो, तीच मराठीत वजडी. पायांतील चिकट अंश पाण्यात उतरतो आणि सूप दाट होते. वरून लसूण घातलेला सिरका आणि कुटलेली लाल मिरची घालतात. वाचताना तुम्हाला काही आठवले का? रमजानच्या रात्री मुंबईतील मोहल्ल्यांत मोठमोठ्या देगांतून वाफाळणारे पाये! कुठे अथेन्स, कुठे मुंबई, पण रात्री जागणाऱ्या माणसाची भूक दोन्हीकडे सारखीच.

बरे, नुसती भूकच सारखी नाही. नावही सारखे आहे. फारसीत ‘पा’ म्हणजे पाय. त्यापासून ‘पाचा’ हा शब्द झाला, म्हणजे लहान पाय. तुर्कांनी तो उचलला आणि तुर्कांकडून तो यूनानी लोकांकडे गेला. तिथे त्याचा ‘पात्सास’ झाला. आणखी गंमत पाहा. शुद्ध यूनानी भाषेत पायाला ‘पोदी’ म्हणतात. संस्कृतमध्ये ‘पाद’, फारसीत ‘पा’, मराठीत ‘पाय’, उर्दूत ‘पाँव’. ही सगळी एकाच जुन्या कुटुंबातील भावंडे आहेत.

हा पदार्थ स्वस्त का असतो, याचाही विचार करा. श्रीमंत लोक जो भाग विकत घेत नाहीत, तो इथे वापरलेला असतो. एकच मोठे पातेले शेकडो माणसांना पुरते. पदार्थ मोजकेच असतात, त्यामुळे काही वाया जात नाही. सजावटीवर खर्च नसतो. गरिबांच्या हुशारीतून असे पदार्थ जन्माला येतात.

अशा साध्या खानावळींची एक चांगली रीत असते. तयार पदार्थांची पातेली समोरच मांडलेली असतात. नाव ठाऊक नसले तरी पाहून बोट दाखवता येते. चला, आपण एकेक पातेले पाहू.

पहिल्या पातेल्यात पात्सास आहे. जनावर आपल्या पद्धतीने कापलेले नाही, तेव्हा नम्रपणे पुढे जाऊ.

दुसऱ्या पातेल्यात मांसाचे गोळे आहेत. त्यांचे नाव ‘केफ्तेदेस’. ओळखीचे वाटते ना? हे आपले कोफ्तेच. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे. कुटलेल्या मांसाचा तो कोफ्ता. शेजारी भात आहे, त्याला ‘पिलाफी’ म्हणतात. म्हणजे पुलाव. गोड पदार्थांत ‘खाल्वास’ आहे. म्हणजे हलवा. दह्यात काकडी आणि लसूण घालून केलेली ‘त्झात्झिकी’ आहे. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीची ती दूरची बहीण शोभेल. आंबटपणासाठी पिळायला ‘लेमोनी’ आहे. उर्दूत लेमूँ, मराठीत लिंबू.

तिसऱ्या पातेल्यात कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या आहेत. वरून पाहून आत काय आहे ते कळत नाही. आता तुमचे वाक्य काढा. विचारा, “एखी क्रेआस?”

मालक हसून म्हणतात, “ने.”

तुम्हाला वाटते, “न” म्हणजे नाही! मांस नाही! तुम्ही ताट पुढे करता. थांबा! इथेच माणूस फसतो. यूनानी भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. नाही म्हणायचे असेल तर ते ‘ओखी’ म्हणतात. कधी कधी तोंडाने काही न बोलता फक्त भुवया उंचावून मान जराशी मागे नेतात. तेही ‘नाही’च. आपल्या कानाला ओळखीचा वाटलेला शब्द परक्या भाषेत अगदी उलट अर्थाचा असू शकतो. कोबीच्या गुंडाळीत मांसाचा खिमा भरलेला आहे आणि तो डुकराचाही असू शकतो.

मग गोंधळ टाळायचा कसा? यासाठी एक दुसरा शब्द फार उपयोगी आहे : ‘निस्तीसिमो’. म्हणजे ‘उपवासाला चालणारे’. यूनानमधील बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. त्यांच्या धर्मातही रोजे आहेत, पण वेगळ्या रीतीचे. ईस्टर सणाआधी चाळीसहून अधिक दिवस, तसेच वर्षभर बुधवारी आणि शुक्रवारी, धार्मिक माणसे मांस, अंडी आणि दूध वर्ज्य करतात. म्हणून त्यांच्या स्वयंपाकात कडधान्ये आणि भाज्यांचे कितीतरी पदार्थ आहेत. पाहा, दुसऱ्याच्या धर्मातील शिस्त तुम्हाला तुमची शिस्त पाळायला कशी मदत करते! तुम्ही ‘निस्तीसिमो’ म्हणालात की मालकांना तुमची गरज चटकन समजते. तुमचे म्हणणे त्यांना विचित्र वाटत नाही, कारण त्यांच्या आई-आजीनेही घरात हेच पाळलेले असते.

मालक आता चौथ्या पातेल्यावरचे झाकण काढतात. “फासोलादा!” ते अभिमानाने म्हणतात. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, टोमॅटो, गाजर, कांदा आणि सेलरी नावाची सुगंधी भाजी एकत्र शिजवून, वर जैतूनचे तेल घातलेले हे सूप आहे. अनेक यूनानी लोक याला आपला राष्ट्रीय पदार्थ मानतात. पाचव्या पातेल्यात द्राक्षाच्या पानांत भात भरलेले ‘दोलमादाकिया’ आहेत. मांस नसलेल्या दोलम्याला ‘यालान्जी’ असे गमतीचे नाव आहे. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ ‘खोटारडा’. बाहेरून मांसाच्या दोलम्यासारखा दिसतो, पण आत मांस नाही, म्हणून तो खोटारडा! या खोटारड्यावर मात्र आपण विश्वास ठेवू शकतो.

तुम्ही एक वाटी फासोलादा, पाव आणि थोडे दोलमे घेऊन बसता. गरम घास पोटात जातो. बाहेर हातगाड्यांची खडखड सुरू झाली आहे.

जेवता जेवता एक प्रश्न मनात येईल. तुर्की, फारसी आणि यूनानी नावे एका ताटात आली कशी? काही उस्मानी राजवटीत आली. पण आणखी एक कारण आहे आणि ते दुःखाचे आहे. १९२२ साली तुर्कस्तान आणि यूनान यांच्यातील युद्ध संपले. १९२३ साली लोझान येथे दोन्ही देशांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातील सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती यूनानमध्ये आले आणि यूनानमधील साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात गेले. काहींना तर नव्या देशाची भाषाही येत नव्हती. घर, शेत, कबरी सगळे मागे राहिले. सोबत नेता आले ते हातांतील कसब. निर्वासित स्त्रियांनी अथेन्स आणि थेसालोनिकी या शहरांत चुली पेटवल्या आणि आपल्या मसाल्यांची चव नव्या देशाला दिली. तुमच्या ताटात आज जे स्वस्त जेवण आहे, त्यात बेघर झालेल्या माणसांची आठवण मिसळलेली आहे. म्हणून ते आदराने खा.

आता पैशांचा हिशेब करू. आज एक युरो म्हणजे सुमारे शंभर रुपये. समजा, तुमचे बिल आठ युरो झाले. म्हणजे आठशे रुपये! “बाप रे, हे कसले स्वस्त?” असे तुम्ही म्हणाल. पण स्वस्त की महाग, हे तिथल्या कमाईवरून ठरवायचे असते. यूनानमध्ये १ एप्रिल २०२५ पासून किमान मासिक वेतन कपातीपूर्वी ८८० युरो ठरले. आठ युरो म्हणजे त्याचा एकशेदहावा भाग. आपल्याकडे महिना अकरा हजार रुपये मिळवणाऱ्या माणसाला शंभर रुपयांचे जेवण जसे वाटते, तसेच हे.

बिल मागायला लाजू नका. यूनानमध्ये एक नियम आहे : दुकानदाराने पावती दिली नाही, तर गिऱ्हाइकावर पैसे देण्याचे बंधन नाही. खाद्यपदार्थांच्या यादीवर ही सूचना छापलेली असते. पावाचे थोडे वेगळे पैसे लावण्याची तिथे पद्धत आहे, तेव्हा यादीतील दर आधी वाचून घ्या.

बिलाच्या किमतीला आपण ‘दाम’ म्हणतो ना? हा शब्दही यूनानमधूनच आला आहे. तिथे जुन्या नाण्याचे नाव ‘द्राख्मा’ होते. अरबीत त्याचे ‘दिरहम’ झाले. संस्कृतमध्ये ‘द्रम्म’ आणि त्यापासून आपला ‘दाम’. २००२ साली युरोच्या नोटा आणि नाणी आली आणि यूनानमध्ये द्राख्मा बंद झाला. पण आपल्या बोलण्यात तो अजून चालतो. ‘कलम’, ‘कानून’, ‘सुरुंग’, ‘केंद्र’ या शब्दांची मुळेही यूनानी आहेत. ‘यूनान’ हे नाव आयोनिया या प्रदेशावरून आले आणि संस्कृतमधील ‘यवन’ हा शब्दही त्याच नावाचा. तेव्हा मराठीच्या तासाला “ही भाषा आपली नाही” असे मनात आले, तर आठवा : शब्द कोणाच्याही दारात परके म्हणून उभे राहत नाहीत. ते आत येतात आणि घरचे होऊन जातात.

पैसे द्या, पावती घ्या, “एफखारिस्तो” म्हणा आणि शेवटच्या गाडीच्या आत बंदराकडे निघा.

माझी गोष्ट अर्धी राहिली आहे. मित्राने समजावल्यानंतर त्याच संध्याकाळी मी पुन्हा त्या खानावळीत गेलो. मालकांनी ओळखले. “आज तरी जेवणार ना, दादा?” असे म्हणाले. मी माझ्या मोडक्या मराठीत विचारले, “पाटवडीत काय काय घालता?” ते हसले नाहीत. उलट शेजारी येऊन बसले आणि बेसन कसे घोटायचे, रस्सा कसा करायचा, ते सविस्तर सांगू लागले. पुढचे वर्षभर मी तिथेच जेवलो. माझे अर्धे मराठी महाविद्यालयात पक्के झाले आणि उरलेले अर्धे त्या खानावळीच्या बाकावर.

मित्रांनो, चुकीच्या व्याकरणाने विचारलेला प्रश्नसुद्धा पोट भरतो. न विचारलेला प्रश्न मात्र माणसाला उपाशी झोपवतो. म्हणून विचारायला शिका.

शब्दार्थ
निर्धास्त – बेफिक्र
खानावळ – पैसे देऊन जेवण मिळण्याचे साधे ठिकाण
वजडी – ओझडी
कडधान्ये – चणे, घेवडा, मूग यांसारखी धान्ये
वर्ज्य करणे – परहेज करणे
निर्वासित – मुहाजिर
कसब – हुनर
किमान वेतन – कमीत कमी पगार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिरेयस हे कोणत्या शहराचे बंदर आहे?
(आ) ‘ने’ या यूनानी शब्दाचा अर्थ काय?
(इ) त्सिस्तराकिस मशीद कोणत्या साली बांधली गेली?

प्र. २. कारणे द्या.
(अ) बाजाराजवळच्या खानावळी रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात.
(आ) लेखक खिशात पैसे असूनही उपाशी झोपले.
(इ) मांस नसलेल्या दोलम्याला ‘खोटारडा’ म्हणतात.

प्र. ३. ‘निस्तीसिमो’ हा शब्द मुसलमान प्रवाशाला कसा उपयोगी पडतो, ते पाच-सहा ओळींत लिहा.

प्र. ४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले खाण्याच्या पदार्थांचे दहा शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठीत वाक्यात उपयोग करा.

प्र. ५. तुमच्या गावातील एखाद्या खानावळीत जा. तिथल्या एका पदार्थाची कृती मराठीत विचारून घ्या आणि ती वर्गात वाचून दाखवा.